मागच्या सीटवरचा कट्टा

माझ्या गॅरेजच्या वरच्या फळीवर एक लाकडी खोका आहे. त्यात एक कॅमशाफ्ट, दोन पिस्टन आणि एक दातेरी चकती तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. मोठ्या गाड्यांचे शौकीन येतात, खोका उघडून बघतात आणि विकता का म्हणून विचारतात. मी नाही म्हणतो. कारण विचारलं की विषय बदलतो.

दिवाळी अंकासाठी 'गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा' असं संपादकांनी सांगितलं होतं. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या दोन सांगतोही. पण दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि दोन्ही वेळा नजर त्या खोक्यावरच गेली. तेव्हा आता खोक्याचंच लिहितो. वाचून कोणी मला नावं ठेवली तर ठेवू दे, मी स्वतः ती केव्हाच ठेवली आहेत.

मी तुमसरचा दुचाकी मिस्त्री. मी काम शिकलो ते गोविंदा मिस्त्रींच्या हाताखाली. मिस्त्री मुळात राइस मिलच्या डिझेल इंजिनावर होते. पुढे त्यांनी मिलच्या भिंतीला लागूनच टिनाचं शेड टाकलं आणि मोटरसायकली दुरुस्त करायला घेतल्या. बोलणं कमी आणि पाना फेकून मारणं जास्त, असा त्यांचा शिकवायचा प्रकार होता. पण त्यांचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात पाहिला नाही. इंजिनाचं काम झालं की ते मिलमधून तांदळाचा पन्नास किलोचा कट्टा मागवायचे. कट्टा म्हणजे आमच्याकडचं पोतं. तो मागच्या सीटवर आडवा ठेवायचा, बांधायचा नाही, आणि गाडी बाजारातून, चढावरून, गतिरोधकांवरून फिरवून आणायची. कट्टा जागेवर राहिला तर गाडी गिऱ्हाइकाला द्यायची. सरकला तर पुन्हा खोलायची.

"मानूस पुढं बसते त्याले हँडल असते," मिस्त्री म्हणायचे. "मागच्याले का असते? मागं त्याची बायको बसून राहिली हाय, असं समजून चालव."

आम्ही हसायचो. मिलचे हमालही हसायचे. माझ्या हातून चार वेळा तरी कट्टा पडला आणि चारही वेळा रस्त्यावरचे तांदूळ मीच वेचले. पण त्या कट्ट्यानं मला क्लच सोडायला शिकवलं, ब्रेक दाबायला शिकवलं, हे आता कळतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडीची ताकद वाढवणं म्हणजे डाळीत मीठ वाढवणं, टाकलं की वाढलं. तसं नसतं. ताकद किती यापेक्षा ती कुठे येते, हे महत्त्वाचं. बपेऱ्याकडचा सुकराम ढिवर तलावातले मासे दोन डब्यांत भरून शंभर सीसीच्या गाडीवर गावोगाव विकायचा. चढावर गाडी दम टाकते, इंजिन मोठं बसवून द्या म्हणाला. मिस्त्रींनी इंजिनाला हातही लावला नाही. मागच्या चाकाची दातेरी चकती काढून दोन दात जास्तीची चकती बसवली. गाडीचा वेग कमी झाला, पण ओढ वाढली. सुकरामची तक्रार होती की आता सपाटीवर सायकलवालेही त्याला मागे टाकतात. मिस्त्री म्हणाले, "तुले पळाचं नाही, ओढाचं हाय." सुकराम पुढची बारा वर्षं तीच गाडी चालवत होता आणि प्रत्येक वेळी गॅरेजात आला की मिस्त्रींसाठी एक वाघूर मासा ठेवून जायचा.

याच्या उलट एक तांदळाचे व्यापारी. वय पस्तिशीचं, पोट पन्नाशीचं. त्यांना फक्त आवाज पाहिजे होता. मी सायलेन्सरच्या पोटातल्या जाळ्या काढून दिल्या. ताकद रतीभरही वाढली नव्हती, थोडी कमीच झाली असेल. पण शेठजी परत आले ते पेढे घेऊन. गाडी आता वाऱ्यासारखी पळते म्हणाले. मी पेढे खाल्ले आणि गप्प बसलो. पुढे पोलिसांनी सायलेन्सर काढून घेतला तेव्हा मात्र त्यांनी माझं नाव सांगितलं.

मिस्त्री गेले. शेड माझ्याकडे आलं. हळूहळू तुमसरसारख्या गावातही मोठ्या गाड्या दिसायला लागल्या आणि मी त्यांच्या मागे लागलो. नागपूरला जाऊन लॅपटॉपवर इंजिनाचा मॅप बदलायला शिकलो. मॅप म्हणजे किती रेस दिल्यावर इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं याचा तक्ता. पूर्वी हे काम कार्बोरेटरच्या स्क्रूनं आणि कानानं व्हायचं. आता बोटानं व्हायला लागलं. गोंदिया, बालाघाटकडून लोक गाड्या घेऊन यायला लागले. कोणीतरी माझ्या कामाचे व्हिडिओ टाकले, खाली 'तुमसरचा जादूगार' असं लिहिलं. मी ते वाचून दाखवायला बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं होतं, आता सांगायलाही लाज वाटते. त्याच दिवसांत कट्टा बंद झाला. लाखांच्या गाडीवर तांदळाचा कट्टा ठेवून बाजारातून जाणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं.

वासुदेव माझ्या ओळखीचा विहारातला. चिखल्याच्या मँगनीज खाणीत तो ब्लास्टर होता. जमिनीखाली खडकाला भोकं पाडतात, त्यांत बारूद भरून स्फोट करायचं काम त्याचं. माझे वडीलही त्याच खाणीत होते, त्यामुळे हे काम कोणाला देतात ते मला माहीत होतं. ज्याचा हात कापत नाही, त्याला. वासुदेवचा हात इतका स्थिर की विहारात मोठ्या कार्यक्रमाला मेणबत्त्या लावायचं काम लोक त्यालाच सांगायचे. पोरी लग्न होऊन गेल्यावर त्यानं हौसेनं एक साडेसहाशे सीसीची गाडी घेतली. दर रविवारी तो आणि शीलावहिनी तिच्यावरून वहिनींच्या माहेरी बपेऱ्याला जायचे. वहिनी मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या, आमच्याकडच्या बहुतेक बायका बसतात तशा. मांडीवर भावासाठी काहीतरी नेलेलं असायचं.

तो माझ्याकडे आला तो एवढंच सांगायला की दोघं बसल्यावर चढावर गाडी जरा जड वाटते. थोडी ओढ वाढवता येते का बघा.

वाचकहो, सुकरामचं काम तुम्ही आत्ताच वाचलंत. वासुदेवला काय पाहिजे होतं ते तुम्हालाही कळलं असेल. एक चकती. दोन तासांचं काम. मलाही कळलं होतं. पण तशी गाडी जिल्ह्यात मोजक्यांकडे होती, आणि तिच्यातून काय काढता येईल हे मला बघायचं होतं. मी त्याला मोठे पिस्टन, नवा कॅम, नवा मॅप असं सगळं समजावून सांगितलं. म्हणजे त्याला समजेल असं सांगितलं नाही, त्याला हो म्हणता येईल असं सांगितलं. तो म्हणाला, "तुमाले समजते भाऊ. तुमी कराल ते चांगलंच कराल."

कॅम म्हणजे इंजिनाचा श्वास. गाडीच्या कंपनीनं दिलेला कॅम बेताचा असतो. तो खालच्या वेगातही नीट श्वास घेऊ देतो, म्हणून गाडी गर्दीत, चढावर, हळू चालवताना समजूतदार राहते. मी बसवला तो शर्यतीच्या जातीचा. तो व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. इंजिन जोरात फिरायला लागलं की भरपूर हवा आत येते आणि गाडी उसळते. पण खालच्या वेगात तीच हवा आत येऊन परत बाहेर जाते आणि इंजिन मेल्यासारखं होतं. या मेलेल्या जागेला आम्ही खड्डा म्हणतो. खड्ड्यात रेस दिली तर काही होत नाही. माणूस साहजिकच मूठ आणखी पिळतो. तेवढ्यात इंजिन खड्ड्यातून बाहेर येतं, आणि पिळलेल्या मुठीची सगळी ताकद एकदम चाकावर पडते. गाडी तीच, रंग तोच, पण स्वभाव पार बदललेला. चार वर्षं ज्या हाताला एक सवय झालेली, त्या हाताला हे कोणी सांगायला पाहिजे.

मी गाडी बपेरा रोडला काढली. एकटाच. सपाट, मोकळा रस्ता, इंजिन सारखं वर ठेवलेलं. काय पळत होती. चहाच्या टपरीवर लोक उठून उभे राहिले. परत येताना नाल्याच्या पुलाच्या चढावर एका बैलगाडीमागे वेग कमी करावा लागला, आणि पुन्हा रेस दिली तेव्हा मला खड्डा लागला. स्पष्ट लागला. पाठोपाठ उसळीही आली. माझ्या हातात हँडल होतं, गुडघ्यात टाकी होती, मी सांभाळलं. खड्डा भरायचा तर मॅपवर आणखी आठवडा घालावा लागला असता आणि वरची ताकद थोडी सोडावी लागली असती. मला ती सोडायची नव्हती. मी गाडी पुसली आणि वासुदेवला फोन केला.

चार दिवसांनी त्याचाच फोन आला. गाडी मधेच जरा झटका देते म्हणाला. मी म्हणालो, "नवीन हाय. हात बसून जाईन."

त्या रविवारी ते दोघं बपेऱ्याला निघाले होते. त्याच नाल्याच्या पुलाच्या चढावर पुढे एक ट्रॅक्टर होता. वासुदेवनं वेग कमी केला, ट्रॅक्टर बाजूला झाल्यावर रेस दिली. गाडी ओढेना, म्हणून आणखी दिली. शीलावहिनी मागच्या मागे डांबरावर पडल्या. मांडीवरचा करंज्यांचा डबा उघडून करंज्या पार पुलाखालपर्यंत गेल्या होत्या, असं ट्रॅक्टरवाल्यानं नंतर सांगितलं. वहिनींचं कंबरेचं हाड मोडलं. सळई टाकावी लागली.

मी दवाखान्यात गेलो. मोसंबी घेऊन गेलो. वासुदेव बाहेरच्या बाकावर बसला होता, स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून. मला बघून म्हणाला, "माहा हात चुकला, भाऊ. मले समजलंच नाही का करून राहिलो त."

तेव्हा खरं बोलायची संधी होती. मी म्हणायला पाहिजे होतं, वासुदेव, तुझा हात नाही चुकला. त्याऐवजी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होते असं. कोनाचाबी चुकते."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. नुसतं खोटं बोलणं एक वेळ परवडलं, मी तर ते दिलासा म्हणून दिलं.

दोन वर्षं गेली. वहिनी काठी घेऊन चालायला लागल्या. खाणीतला एक कामगार गाडीची सर्व्हिसिंग करायला आला होता, त्याच्याकडून कळलं की वासुदेवनं स्वतःहून ब्लास्टिंगचं काम सोडलं. माझ्या हाताचा भरोसा नाही, माझ्या चुकीनं खाली कोणी मरायला नको, असं त्यानं साहेबांना सांगितलं म्हणे. आता तो वरती, कामगारांच्या टोपीचे दिवे चार्ज करून देण्याच्या खोलीत बसत होता. त्या रात्री घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले सांगून का होते?" आणि जेवण वाढायला लागली.

मग या वर्षी उन्हाळ्याच्या आधी वासुदेवनं गाडी एका टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवून दिली. सोबत निरोप होता. गाडीला चांगलं गिऱ्हाईक बघा, ज्याचा हात चांगला आहे असं.

गाडीवर दोन वर्षांची धूळ होती. मी ती धुतली, बॅटरी बदलली, सुरू केली. मग मिलमध्ये गेलो आणि तांदळाचा कट्टा मागितला. मिलचा म्हातारा मुनीम माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, किती वर्षांनी.

कट्टा मागच्या सीटवर ठेवला, बांधला नाही, आणि बपेरा रोडला निघालो. नाल्याच्या पुलावर वेग कमी केला आणि वासुदेवनं दिली असेल तशी रेस दिली. खड्डा आला, मी मूठ पिळली, आणि कट्टा गेला. चाळीस वर्षांचा हात माझा, खड्डा कुठे आहे ते मला ठाऊक, तरी गेला. कट्टा उसवून अर्धे तांदूळ रस्त्यावर पसरले. शेतातून येणारी एक बाई थांबून भरायला मदत करू लागली. म्हणाली, "बांधून न्या लागते ना, भाऊ."  डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि तिला ते दिसू नये म्हणून मी वाकून तांदूळ वेचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तीच गाडी घेऊन चिखल्याला गेलो. इंजिनाला काहीच केलं नव्हतं, जशी दिली होती तशीच होती. वासुदेव कामगारांच्या वसाहतीत राहतो. दुपारी तो सुट्टीवर होता, अंगणात खुर्ची टाकून बसला होता. वहिनी दारात बसून मेथी निवडत होत्या. वहिनींनी पाणी दिलं. पाणी न पिता मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चकती, कॅम, खड्डा, एकट्यानं मारलेली चक्कर, फोनवरचं बोलणं, दवाखान्यातलं बोलणं, कालचा कट्टा.

 वासुदेव माझ्याकडे बघत नव्हता, गाडीकडे बघत होता. वहिनींनी मेथीची परात बाजूला सरकवली.

"तुमी कधी मागं बसले का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळायला वेळ लागला. मग कळलं. इतक्या वर्षांत शेकडो गाड्या मी बांधल्या, सगळ्या पुढे बसून. मी बांधलेल्या एकाही गाडीवर मी मागे बसलो नव्हतो.

"नाही," मी म्हणालो.

"मंग बसा. मी बसली होती तसेच बसा." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अन् तुमी चालवा."

वासुदेव उठायला तयार होईना. दोन वर्षांत त्यानं हँडल धरलं नव्हतं. वहिनी काठीला टेकून उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. शेवटी तो उठला. मी मागे बसलो, एका बाजूला पाय सोडून. साठी उलटलेला माणूस, पॅन्टला ग्रीस, वसाहतीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. कोणी हसलं की नाही ते मला माहीत नाही, मी मान वर केली नाही. त्या सीटवर धरायला किती कमी असतं हे बसल्याबरोबर कळलं. पाय हवेत होते आणि कंबर घसरणीवर टेकवल्यासारखी वाटत होती.

वसाहतीच्या टोकाला खाणीकडे जाणारा चढ आहे. वासुदेव अगदी हळू गेला. त्याच्या खांद्यावरून मला त्याचा हात दिसत होता. चढावर त्यानं रेस दिली, गाडी ओढेना, त्यानं थोडी आणखी दिली. माझ्याखालून सीट निघून गेली. खरंच निघून गेली. मी दोन्ही हातांनी त्याच्या कंबरेचा पट्टा धरला आणि लटकलो. माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. वासुदेवनं मूठ सोडली नाही, झटकलीही नाही, हळूच मागे आणली, जशी आणायला पाहिजे तशीच, आणि गाडी बाजूला उभी केली.

 त्यानं उजवा हात समोर धरला, बोटं पसरली. हात हलत नव्हता.

"दोन वर्ष मी याले शिव्या देल्या, भोजराजभाऊ," तो म्हणाला. "झोपेतबी देल्या."

मी माफी मागितली. दोनदा मागितली. त्यानं ती घेतली की नाही, मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, उतरा, तुम्ही पायी या. गाडी वळवून तो एकटाच खाली गेला. सावकाश, खड्ड्यावरून मूठ अलगद नेत, एकही झटका न देता. मी उन्हात चालत मागे गेलो.

अंगणात पोचलो तेव्हा तो वहिनींना सांगत होता की उद्या साहेबांना भेटून येतो, खाली परत घेतात का विचारतो. आणि ही गाडी विकायची नाही, भोजराजभाऊ तिला पहिल्यासारखी करून देतील. मी मान हलवली. त्याच आठवड्यात ती मी पहिल्यासारखी केली, आणि तो मुळात मागायला आला होता त्या ओढीसाठी मागची चकती तेवढी बदलून दिली. जे काढलं ते फळीवरच्या खोक्यात आहे.

वहिनी पुन्हा मेथी निवडायला बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पडले का?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "पट्टा धरला."

"हव," त्या म्हणाल्या. "माह्या हातात डबा होता."